सोळा आणे पीक आणि अपूर्णांक

एखादा भाग पूर्णाच्या तुलनेत किती आहे, हे सांगण्यासाठी अपूर्णांक वापरतात. वर लिहिलेल्या संख्येला अंश आणि खाली लिहिलेल्या संख्येला छेद म्हणतात. अंश भाग दाखवतो, तर छेद पूर्ण दाखवतो. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या दृष्टीने या गणिताचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण म्हणजे पिकांची आणेवारी.

जुन्या रुपयाचे सोळा आणे होत. त्यामुळे भरघोस पिकाला ‘सोळा आणे पीक’ म्हणण्याची रीत पडली. बारा आणे पीक म्हणजे १२/१६. अंश व छेद या दोहोंना ४ ने भागले की ३/४, अर्थात पाऊण पीक. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली, रुपयाचे शंभर पैसे झाले आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. मोजण्याचे एकक बदलले तरी प्रमाण तेच राहिले. ८/१६ असो वा ५०/१००, दोहोंचे संक्षिप्त रूप १/२ हेच आहे.

पैसेवारी काढण्यासाठी निवडक शेतांत पीककापणी प्रयोग केले जातात. त्यांतून मिळालेल्या उत्पादनाची तुलना प्रमाण उत्पादनाशी केली जाते. समजा, एखाद्या पिकाचे प्रमाण उत्पादन हेक्टरी १२०० किलो आहे आणि प्रत्यक्षात ५४० किलो आले. हे प्रमाण ५४०/१२०० झाले. त्याचे अतिसंक्षिप्त रूप देण्यासाठी दोन्ही संख्यांचा महत्तम सामाईक विभाजक, म्हणजेच मसावि काढावा लागतो. १२०० ला ५४० ने भागल्यास बाकी १२० उरते. ५४० ला १२० ने भागल्यास ६० उरते. १२० ला ६० ने पूर्ण भाग जातो. म्हणून मसावि ६०. अंश व छेद यांना ६० ने भागून ९/२० मिळतात. छेद १०० केल्यास ४५/१००, म्हणजे पैसेवारी ४५ पैसे.

येथे एक चूक हमखास होते. हाती आलेले पीक ५४० किलो आणि बुडालेले ६६० किलो, म्हणून त्यांचे गुणोत्तर ९:११ आहे. परंतु ९/११ ही पैसेवारी नव्हे. ती एका भागाची दुसऱ्या भागाशी केलेली तुलना आहे. पूर्णाशी तुलना करताना छेदात दोन्ही भागांची बेरीज, म्हणजे २०, घ्यावी लागते.

पन्नास पैशांहून कमी पैसेवारी ही टंचाईची खूण मानली जात आली आहे. जमीन महसुलातील सूट व इतर सवलती तिच्याशी निगडित असतात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पर्जन्यमान, वनस्पतींची स्थिती, जमिनीतील ओलावा अशा निर्देशांकांवर भर दिला. तरी पैसेवारीचे गावपातळीवरील महत्त्व संपलेले नाही.

म्हणूनच छेद कोणता धरला, हा प्रश्न कळीचा ठरतो. वरील उदाहरणात प्रमाण उत्पादन १२०० ऐवजी १००० किलो धरले, तर ५४०/१००० म्हणजे २७/५०, अर्थात ५४ पैसे होतात. शेतातील धान्य तेवढेच. गाव मात्र टंचाईच्या रेषेबाहेर जाते. संक्षिप्त रूप दिल्याने अपूर्णांकाची किंमत बदलत नाही, पण मूळ छेद दिसेनासा होतो. पैसेवारीचा आकडा वाचताना तो कोणत्या पूर्णाचा भाग आहे, हे आधी पाहणे म्हणूनच आवश्यक असते.