नाण्याला लागलेला बट्टा

'नावाला बट्टा लागला' असे आपण सहज बोलून जातो. हा बट्टा मूळचा सराफाच्या पेढीवरचा. रुपया खरा, चांदी चोख, वजनही जवळपास पुरे; तरी तो जुना झाला म्हणून सराफ किमतीतून जी कपात करी, तिला बट्टा म्हणत. माझ्या संग्रहातले काही चांदीचे रुपये सध्या मी विकायला काढले आहेत. भाव करायला येणाऱ्यांशी बोलताना हा शब्द सारखा आठवतो, कारण तीनशे-साडेतीनशे वर्षांत त्याचा हिशेब पुरता उलटा झाला आहे.

आम्हा रावेरकरांना यासाठी लांब जावे लागत नाही. पंचवीस-तीस किलोमीटरवर बऱ्हाणपूर. फारुकी सुलतानांची ही राजधानी, अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतल्यावर मोगल सुभ्याचे ठाणे झाली. तिथल्या टांकसाळीत जहांगीर, शाहजहान, औरंगजेब अशा बादशाहांचे रुपये पडले. चांदी मात्र इथली नव्हती. स्पेनच्या अमेरिकेतल्या खाणींतली चांदी युरोपच्या जहाजांतून सुरतेला उतरायची आणि आटून तिचे रुपये व्हायचे. सुरतेहून आग्र्याला जाणारा एक मोठा रस्ता थाळनेर, चोपडा करत तापीच्या उत्तरेने बऱ्हाणपूरला पोहोचायचा. म्हणजे आमच्याच शिवाराजवळून.

त्या काळी टांकसाळीतून नुकताच बाहेर पडलेला रुपया म्हणजे 'सिक्का'. त्याला पुरी किंमत. चालू राजवटीतलाच, पण काही वर्षे फिरलेला रुपया 'चलनी', त्याला थोडा बट्टा. मागच्या बादशाहाच्या नावाचा रुपया 'खजाना', त्यालाही बट्टा. नाण्यावर सन असे, त्यामुळे वय लपवायची सोय नव्हती. त्यातून सराफ परखताना नाण्यावर बारीक ठसा ठोके. आजही बऱ्याच मोगल रुपयांवर हे घाव दिसतात. लोक त्यांना खोट समजतात; खरे तर ती सराफाने दिलेली पावती आहे.

शाहजहानच्या रुपयावर एका बाजूला कलमा आणि भोवती चार खलिफांची नावे असत. औरंगजेबाने गादीवर येताच नाण्यावरचा कलमा बंद केला. नाणे सगळ्यांच्या हातातून, पायाखालून जाते, त्यात पवित्र शब्दांची बेअदबी होते, असे कारण इतिहासात नोंदले आहे. त्याऐवजी एक फार्सी शेर आला. चांदीवर बादशाहाच्या सिक्क्याला पौर्णिमेच्या चंद्राची उपमा, सोन्यावर सूर्याची. ज्याला आज कट्टर म्हणून एका शब्दात निकालात काढतात, त्याने कलमा का काढला हे नाणे हातात घेतल्यावर जास्त नीट समजते.

फार्सी अक्षरे दिसली की नाणे 'मुसलमानी', हाही असाच घाईचा निकाल. मराठ्यांच्या टांकसाळींतून पडलेल्या कित्येक रुपयांवर दिल्लीच्या बादशाहाचे नाव फार्सीतच आहे. बऱ्हाणपूर शिंद्यांकडे गेल्यावरही तिथे शाह आलमच्या नावाचे रुपये पडत राहिले. लोकांचा विश्वास त्या अक्षरांवर बसलेला होता. लक्ष्मीपूजनाच्या ताटात हळदी-कुंकू लावून ठेवलेला जुना रुपया उलटून पाहा, अनेकदा त्यावर शाह आलम भेटेल.

बट्ट्याची ही कटकट 1835 मध्ये संपायला लागली. कंपनी सरकारने साऱ्या मुलखासाठी एकच रुपया काढला : 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. रुपयाचे वजन आणि एक तोळा एकच. आपल्याकडे जकातीचा चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे सांगतात. तो जुन्या बायका रुपये मोजून काढू शकत, त्याचे हे कारण. हनफी मतानुसार ज्या नाण्यात चांदी जास्त, ते चांदीच धरले जाते.

1911 च्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गोष्ट वेगळीच. राजाच्या अंगरख्यावर हत्ती कोरला होता, पण तो डुकरासारखा दिसे. मुसलमानांत नाराजी पसरली. सुमारे 94 लाख नाणी पाडलेली होती, त्यांतली 7 लाखांच्या आसपासच बाहेर आली होती. उरलेली बहुतेक आटवली आणि 1912 ला हत्ती सुधारून घेतला. तो 'पिग रुपया' आज शोधला जातो, म्हणूनच त्याच्या नकलाही फार.

1940 मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि 1947 ला ती गेलीच. लोकांनी जुने रुपये दडवले, ते उगीच नाही. कापडात बांधून पेटीत पडलेले, बाजारात न फिरलेले रुपये आज जास्त मोलाचे. हवेतल्या गंधकाने त्यांच्यावर आधी सोनेरी, मग निळसर-जांभळी, शेवटी काळी झाक चढते. संग्राहक तिला टोनिंग म्हणतात आणि नैसर्गिक असेल तर पैसे मोजतात. आपण काय करतो? चिंच, लिंबू, राख घेऊन नाणे घासतो. चकाकी येते, पण वरचा नाजूक थर खरवडून निघतो आणि घासलेले नाणे जाणकाराला लगेच ओळखू येते. तडवी आणि बंजारा बायकांच्या माळेतल्या, कडी डाकलेल्या रुपयांचेही तसेच. त्यांना माळ म्हणून किंमत आहे, नाणे म्हणून कमी. उलट कोणी गंधक लावून मुद्दाम रंग चढवतो, तेव्हा झाक फार भडक दिसली तर जपून.

जळगावच्या सराफ्यात अजूनही जुना रुपया वजनावर जातो, बदल्यात पैंजण मिळतात. इथे दीनाचा प्रश्न आहे. चांदीच्या बदल्यात चांदी घ्यायची तर वजन समान आणि व्यवहार हातोहात हवा. खैबरच्या खजुरांबाबत पैगंबरांनी (स.) सांगितलेला मार्ग सोपा आहे : हलकी खजूर आधी पैशांत विका, मग त्या पैशांची चांगली घ्या. नाण्यालाही तेच लागू. आधी रोख घ्या, मग खरेदी करा.

फोनवर लाखांचे आमिष दाखवणाऱ्यांपासून दूर राहा. रिझर्व्ह बँकेनेही 2021 मध्ये तसा इशारा दिला होता. शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शेतात हंडा सापडला तर तो आपला नसतो, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

माझ्या यादीत एडवर्ड आणि पंचम जॉर्जचे रुपये आहेत, काळी झाक जशीच्या तशी. कलमा असलेला बऱ्हाणपुरी रुपया यादीत नाही. तो मागणाऱ्या दोघांनी पहिला प्रश्न वजनाचा विचारला होता.