मागे राहिलेल्यांचे पुराण

आपल्या गौड सारस्वत ज्ञातीचा इतिहास सांगावयास कोणीही बसला म्हणजे तो एका ठराविक प्रसंगापाशी येऊन थांबतो. फिरंग्यांनी देवालये मोडावयास आरंभ केला. आपल्या पूर्वजांनी रात्रीच्या काळोखात देव होडीत घातले आणि जुवारी नदी ओलांडून अंत्रुज महालात नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ रामनाथीस. मडगावच्या दामोदराने जांबावलीचा आश्रय घेतला. आपल्यापैकी प्रत्येक घरातील मुलांस ही हकीकत पाठ असते, आणि असावीच. परंतु होडी सुटली तेव्हा अलीकडच्या तीरावर जे उभे राहिले त्यांचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते काही परके नव्हते. एकाच घरातील एक भाऊ देवाबरोबर गेला व दुसरा शेतभाटाबरोबर राहिला, असेच पुष्कळ ठिकाणी घडले. त्या राहिलेल्यांविषयी, व विशेषतः त्यांनी मागून घेतलेल्या एका ग्रंथाविषयी, प्रस्तुत लेखात चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम काळाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. गोवे बेट पोर्तुगीजांनी १५१० साली घेतले. बारदेश व सासष्ट हे दोन महाल त्यांना १५४३ साली विजापूरच्या आदिलशहाकडून मिळाले. सोलापूरकरांस आदिलशाही नवी नाही. आपला भुईकोट किल्ला ज्या विजापूर व अहमदनगर दरबारांत सतत हेलकावे खात होता, आणि चांदबिबीच्या विवाहात जो आंदण म्हणून दिला गेला, तो हाच काळ. (सासष्ट म्हणजे ठाण्याजवळची साष्टी नव्हे, हे तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे. मडगावभोवतालचा सहासष्ट गावांचा तो महाल होय.) सासष्टीत धर्मप्रसाराचे काम जेझुइट संघाच्या पाद्र्यांकडे आले. १५६० नंतरच्या सात-आठ वर्षांत तेथील देवालये जमीनदोस्त झाली. उघडपणे पूजाअर्चा करण्यास, पुरोहितास घरी आणण्यास व जुन्या पोथ्या बाळगण्यास बंदी आली. बाप्तिस्मा घेणाराकडे वतन, गावकरी व वारसा राहिला. न घेणाराच्या मागे सरकारी जाच लागला. कोणी जुलमाने, कोणी लोभाने, कोणी म्हाताऱ्या आईबापांस सोडवेना म्हणून, आणि कोणी, हेही मान्य केले पाहिजे, मनापासून नवा धर्म स्वीकारला. चार शतकांनंतर या कारणांची वाटणी करीत बसण्यात स्वारस्य नाही.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे लोक वयाने प्रौढ होते. मूल जन्मतःच ज्या धर्मात वाढते तो धर्म त्यास दुधाबरोबर मिळतो. परंतु चाळिशी उलटलेल्या गावकऱ्याने एका सकाळी नाव बदलले तर त्याचे अंतरंग त्याच सकाळी बदलत नाही. चर्चमधील मुख्य उपासना लॅटिन भाषेत. तिचा एक शब्दही त्याला कळावयाचा नाही. शिकण्यासारखे म्हणून जे होते ते ‘दौत्रीन’, म्हणजे धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरे. ती मुलांच्या शेजारी उभे राहून, मुलांसारखीच घोकावयाची. जो मनुष्य काल-परवापर्यंत देवळाच्या चौकात बसून रात्र रात्र पुराण ऐकत होता, व्यासांच्या कथेत कोठे काय येते हे ज्यास मुखोद्गत होते, त्याची या घोकंपट्टीवर तृप्ती व्हावी कशी?

पंढरपूर ज्यांच्या जिल्ह्यात आहे त्या सोलापूरच्या वाचकांस हे अधिक विस्ताराने सांगावयास नको. आषाढी-कार्तिकीला, हरिनाम सप्ताहात अथवा चातुर्मासातील पारायणात आपल्याकडील अक्षरशत्रू मनुष्यदेखील जे ज्ञान मिळवतो ते श्रवणाने मिळवतो. कथा ऐकावी, मध्येच शंका निघावी, पुराणिकाने दृष्टान्त द्यावा, पुन्हा ओवी पुढे चालावी, हीच आपल्या लोकांची प्रौढांची शाळा होती. सासष्टीत ती शाळा बंद पडली होती. पोथ्या तर पाद्र्यांनी हरप्रकारे गोळा केल्या. एका विद्वान ब्राह्मणाच्या घरातून पोथ्या चोरून आणवल्याची हकीकत त्या काळच्या त्यांच्याच पत्रांत नमूद आहे. गंमत अशी की, त्या पोथ्यांमुळे पाद्र्यांस मराठी आली. पोर्तुगालातील ब्रागा शहराच्या ग्रंथालयात रामायण-महाभारतातील कथा रोमन अक्षरांत उतरवून घेतलेली त्या काळची बाडे आजही जपून ठेवलेली आहेत.

अशा समयी थॉमस स्टीफन्स या नावाचा इंग्रज गोव्यास आला. याचा जन्म इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात सुमारे १५४९ साली झाला. त्या वेळी त्याच्या स्वदेशात कॅथलिक पंथाचा छळ चालला होता. रोमला जाऊन १५७५ साली तो जेझुइट संघात शिरला, आणि एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला. येथून त्याने बापास लिहिलेले पत्र इंग्लंडात छापले गेले व प्रसिद्धीस आले. पुढील सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, तो गोव्यात व मुख्यतः सासष्टीत राहिला. स्वतःच्या देशात ज्याच्या पंथास राजदंडाचे भय होते, त्याने परदेशात राजदंडाच्या आश्रयाने धर्म शिकवावा, हा दैवाचा खेळ त्याच्या मनास शिवला असेल की नाही, कोण जाणे!

१६१६ साली जुवारीच्याच काठी, राचोलच्या जेझुइट विद्यालयात, त्याचा ग्रंथ छापून निघाला. तोच आज ‘ख्रिस्तपुराण’ या नावाने प्रसिद्ध आहे. ज्या नदीवरून देव पलीकडे गेले तिच्याच काठी मागे राहिलेल्यांचे पुराण छापले जावे, हा योग विलक्षण खरा.

ग्रंथ कसा जन्मास आला याची कथा कवीने आरंभीच दिली आहे, आणि मला तीच साऱ्या ग्रंथात सर्वांत मोलाची वाटते. चर्चमध्ये मुलांस दौत्रीन शिकवणे चालू असते. तेथे एक ब्राह्मण येतो व पाद्रीगुरूस विनवतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: आपण आमची पूर्वीची पुराणे वाचावयास मनाई केली, मग त्यांच्या जागी तशाच तऱ्हेचे दुसरे काही आम्हांस का देत नाही? दौत्रीन नव्याने आलेल्यास पुरेशी आहे. पण जे पुढे जाऊ पाहतात त्यांना आणखी काही हवे. सण-रविवारी आमचा वेळ कशात जावा?

या मागणीत रडगाणे नाही, बंडही नाही. आपण काय गमावले हे नेमके ओळखणारा तो जाणता श्रोता आहे, आणि गमावलेल्याची भरपाई तो हक्काने मागतो आहे. प्रसंग कवीने कल्पिलेला असो वा घडलेला असो, अशी मागणी गावोगाव असल्याखेरीज एक परदेशी पाद्री अकरा हजारांच्या घरात ओव्या लिहावयास बसला नसता. म्हणून ख्रिस्तपुराणाचे कर्तृत्व जितके स्टीफन्सचे तितकेच त्या मागणाऱ्याचे, असे मी समजतो. आणि तो मागणारा आपला होता.

ग्रंथाचा विस्तार मोठा आहे. ‘पहिले पुराण’ व ‘दुसरे पुराण’ असे त्याचे दोन भाग. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या करारातील कथा, ३६ अवस्वरू व ४,१८१ ओव्या, दुसऱ्यात येशूचे चरित्र, ५९ अवस्वरू व ६,७८१ ओव्या, एकंदर १०,९६२. अवस्वरू म्हणजे आपला अध्याय. आरंभ ज्ञानेश्वरीप्रमाणे नमनाने होतो; स्वर्गास वैकुंठ हा शब्द आढळतो; श्रोते मध्येच प्रश्न करतात व गुरू त्यांचे समाधान करतो. एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली पुरे केले व १५९९ साली समाधी घेतली. म्हणजे स्टीफन्सने गोव्यात पाऊल टाकले तेव्हा नाथ हयात होते. सामान्य जनास कळेल अशा मराठीत ओवी लिहिण्याची जी वाट संतांनी मळवली होती, तीवरून हा इंग्रज चालला. मराठी भाषेची जी स्तुती त्याने केली ती शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून अनेकांनी वाचली असेल. म्हणून येथे तिच्याविषयी अधिक लिहीत नाही.

त्याहून शिक्षकी पेशात आयुष्य घालवलेल्या माणसाचे लक्ष त्याच्या गद्य प्रस्तावनेकडे जाते. देवाच्या गोष्टी सांगावयास मराठी भाषा योग्य म्हणून ती घेतली, असे तो सांगतो. पण शुद्ध मराठी मध्यम लोकांस कळत नाही, यास्तव पूर्वीच्या कवींचे अवघड शब्द सोडले व ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले, हेही तो स्पष्ट करतो. विद्वानाची वाहवा मिळवावी की समोर बसलेल्यास समजावे, हा पेच प्रत्येक शिक्षकापुढे असतो. स्टीफन्सने तो समोरच्याच्या बाजूने सोडवला. शिकवणे म्हणतात ते याला.

रविवारी व सणाच्या दिवशी उपासना आटोपल्यावर सासष्टीतील चर्चमधून हे पुराण वाचले जाई. लॅटिन मंत्रांनंतर आपल्याच भाषेतील ओवी कानी पडली म्हणजे त्या वृद्ध गावकऱ्यांस काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. ज्या गोष्टीसाठी त्यांस देऊळ सोडावे लागले, ती गोष्ट त्यांना देवळातल्याच चालीवर ऐकावयास मिळाली. पुराणाची ही आवड पाद्र्यांनाही उमगली. एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने पुढे संत पीटरच्या चरित्रावर असेच ओवीबद्ध पुराण रचले.

हे सारे गोड गोड करून सांगणे मात्र उचित नव्हे. १५८३ सालच्या जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांस ठार मारले. त्यांतील रुदोल्फो अक्वाविवा हा अकबराच्या दरबारी राहून आलेला होता. त्यांची प्रेते मिळवण्याच्या कामी स्टीफन्स होता. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले व कापून काढले. ख्रिस्तपुराण ज्या भूमीत उगवले ती भूमी अशी होती. स्टीफन्सच्या प्रेमळपणाविषयी मला शंका नाही. पण तलवारीने जे मोकळे केले त्याच रानात त्याने पेरणी केली, हेही तितकेच खरे.

छपाईसंबंधीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. गोव्यात छापखाना १५५६ साली आला. आपला ग्रंथ देशी लिपीत छापावा अशी स्टीफन्सची फार इच्छा होती. त्यासाठी साचे पाडण्याची परवानगी त्याने १६०८ साली रोमला पत्र लिहून मागितली होती. ते साधले नाही, आणि मराठी ओवी रोमन अक्षरांत छापली गेली. १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

असे का व्हावे? याचे एक कारण सरकारी धोरणात सापडते. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की, तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून सर्वांनी पोर्तुगीज बोलावे. १७३६ साली धर्मन्यायसभेने, म्हणजे इन्क्विझिशनने, लग्नात ओव्या गाण्यासही मनाई केली. १७४५ साली आर्चबिशपांनी पोर्तुगीज न येणाऱ्यांचे लग्न लावू नये अशी आज्ञा दिली. पहिल्यांदा या लोकांचे देव गेले, मग पोथ्या गेल्या, आणि त्यांच्या बदल्यात मिळालेली ओवीही त्यांच्याच धर्माधिकाऱ्यांनी संशयास्पद ठरवली. आपण देव घेऊन निघून गेलो, म्हणून आपल्या घरात ओवी राहिली. ज्यांनी घरदार धरून ठेवले, त्यांची ओवी गेली.

पण पुरती गेली नाही. गोव्यातून अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस कानडा मुलखात, मंगळूरकडे जाऊन राहिली होती. त्यांनी पुराण हाताने लिहून काढलेल्या बाडांत जपले. १७८४ साली टिपू सुलतानाने या लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेले व १७९९ साली त्याच्या पाडावापर्यंत ते बंदीत होते. त्या काळात पुराणाच्या वाचनाने त्यांनी धीर धरला, अशी त्यांची परंपरा सांगते. याच घरांतील हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा रोमन अक्षरांत छापला. पुढे ज्या अमेरिकन मराठी मिशनने सोलापुरातही कार्य केले, त्याच मिशनचे जस्टिन ॲबट यांना लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आढळले. त्यात संस्कृत शब्दांचा भरणा अधिक आहे. संपूर्ण ग्रंथ देवनागरीत छापण्याचा मान पुण्याच्या शांताराम बंडेलू यांचा. ते साल १९५६. म्हणजे मराठी पुराण मराठी अक्षरांत छापून यावयास ३४० वर्षे लागली. त्यानंतर कारिदाद द्राग यांची आवृत्ती १९९६ साली, व नेल्सन फाल्काव यांची अर्वाचीन मराठी रूपांतरासह आवृत्ती २००९ साली निघाली.

कॅथलिक उपासनेत देशी भाषा वापरावयास रोमने अनुमती दिली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयानंतर, म्हणजे १९६३ च्या पुढे. आज पुणे धर्मप्रांतात मोडणाऱ्या आपल्या सोलापुरात मराठी प्रार्थना चालते, तेव्हा सासष्टीच्या त्या श्रोत्याची मागणी पुरी होत आली असे म्हणावयास हरकत नाही.

आता मंडळास एक विनंती. आपल्या कुलवृत्तान्तांतून काही शाखांपुढे ‘पुढील माहिती मिळत नाही’ असे छापलेले असते. यांपैकी कित्येक शाखा नष्ट झाल्या नसून सासष्टीच्या चर्चांच्या दप्तरांत निराळ्या आडनावांनी चालू असण्याचा संभव आहे. गोव्यातील व मंगळूरकडील अनेक ख्रिस्ती घराणी आपले मूळचे प्रभू, कामत, शेणै, पै हे उपनाव अद्याप सांगतात. कुंकळ्ळीत तर शिमग्याच्या दिवसांत फातर्प्याहून शांतादुर्गेची छत्रोत्सवाची मिरवणूक मूळ स्थानी येते तेव्हा बारा वांगडांच्या छत्र्यांमागे हिंदू व ख्रिस्ती दोघेही असतात. पुढील आवृत्तीत त्या कोऱ्या जागी गावाचे नाव तरी द्यावे. आणि जे कुटुंब यंदा कुलदेवतेच्या दर्शनास जाईल त्याने परतताना मडगावावरून राचोलला जावे. अंतर फार नाही. टेकडीवर जुने विद्यालय उभे आहे, आणि खाली जुवारी वाहते.