पंचगंगेतील जड धातू आणि माशांची वीण

शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल यांसारखे धातू नदीत साठल्याने माशांच्या अंडी-शुक्र निर्मितीपासून पिलांच्या वाढीपर्यंत होणारा बिघाड. तांबे व जस्त माशाला अल्प प्रमाणात लागतात, जास्त झाले की तेही घातक ठरतात. कॅडमियम, शिसे आणि पारा यांचा त्याला काहीच उपयोग नाही. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण कालांतराने कुजून संपते. धातू कुजत नाही. तो गाळात उतरतो आणि गाळातल्या किड्यांमार्फत माशात शिरतो.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती यांची मिळून झालेली पंचगंगा प्रयाग चिखलीपासून सुमारे ८० किमी. वाहत नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. वाटेत कोल्हापूरचा जयंती नाला आणि इचलकरंजीचा काळा ओढा तिच्यात येतात. फौंड्री, धातूवर मुलामा देणे, कापडाची रंगाई हे या पट्ट्याचे पोटापाण्याचे धंदे, आणि जगभर जड धातूंचे उगम म्हणून ओळखले जाणारेही हेच.

राजाराम किंवा तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतात, तो प्रकार वेगळा. तिथे सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे एका रात्रीत गुदमरतात. दोन्हींची गल्लत नेहमी होते. धातूने बाधलेला मासा पोहतो, खातो, जाळ्यातही सापडतो. फक्त त्याची वीण घटत जाते.

बिघाडाची सुरुवात मेंदूपासून होते. मेंदूच्या इशाऱ्यावर पीयूष ग्रंथी संप्रेरके सोडते आणि त्यांवर अंडाशय व वृषण पिकतात. ही साखळी किती नाजूक आहे ते मत्स्यबीज केंद्रात काम करणाऱ्यांना ठाऊक असते. रोहू-मृगळ साठलेल्या तळ्यात आपणहून वीत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवली, तेव्हा कुठे मत्स्यशेतीला हुकमी बीज मिळू लागले. पारा आणि कॅडमियम या साखळीतच अडथळा आणतात. कॅडमियम कॅल्शियमच्या वाटेने कल्ल्यांतूनही आत येते आणि यकृतात जमते. अंड्यातल्या बलकाचे प्रथिनही यकृतातच तयार होते. ते कमी पडले की अंडी अर्धवट वाढून अंडाशयातच विरतात.

नराचे नुकसान आणखी झटपट होते. कार्प माशांचे शुक्रजंतू शरीरात निश्चल असतात, पाण्याचा स्पर्श होताच धावू लागतात, तेही जेमतेम मिनिटभर. तेवढ्यात अंड्यावरचे एकुलते एक सूक्ष्म छिद्र गाठायचे असते. धातूमिश्रित पाण्यात ही धाव मंदावते. फलित अंड्याचे कवच धातू धरून ठेवते. पिले उशिरा बाहेर येतात, काहींचा कणा वाकडा निघतो. पाणी जड, म्हणजे कॅल्शियमयुक्त, असेल तर बाधा कमी. आम्लधर्मी असेल तर जास्त.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमुळे इथे एक खास योग जुळतो. उन्हाळाभर बरगे, म्हणजे अडसराच्या फळ्या, घातलेले असतात, पाणी तुंबते, गाळ खाली बसतो. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे निघतात, पहिले लोंढे गाळ ढवळतात, आणि त्याच सुमारास चढणीचे मासे अंडी घालायला वर निघतात. गाळातून सुटलेला धातू अशा वेळी नेमका कोवळ्या अंड्यांना भेटू शकतो. पिण्याच्या पाण्यासाठी कॅडमियमची भारतीय मानक मर्यादा लिटरला ०.००३ मिलीग्रॅम आहे. पण पाण्याचा एखादा नमुना मर्यादेत बसला म्हणून गाळ निर्धोक ठरत नाही. गाळ, यकृत आणि अंडाशय हे तिन्ही तपासावे लागतात. अंडाशयाचे शरीराच्या वजनाशी प्रमाण विणीच्या हंगामातही घटलेले दिसले, तर ती धोक्याची खूण मानतात. मात्र उपासमार किंवा प्राणवायूची टंचाई यांनीही ते घटते, म्हणून त्या एका आकड्यावर धातूला दोषी धरता येत नाही.

जाळे चिलापीने (तिलापिया) भरलेले असणे हाही नदीच्या प्रकृतीचा पुरावा नव्हे. चिलापी वर्षातून अनेकदा विते आणि मादी अंडी तोंडात धरून उबवते. गाळाशी अंड्यांचा संबंध फारसा येत नाही. पावसाळ्यातल्या एका हंगामावर भिस्त असलेल्या माशाला चुकलेली वीण भरून काढायला पुढचे वर्ष उजाडावे लागते.