शून्याची फाइल

२००१ साली डोंबिवलीत आमच्या दोन खोल्यांत केबलवाल्याने इंटरनेटची वायर आणली, तीही एकाच कॉम्प्युटरपुरती. दादालाही नेट हवं होतं आणि केबलवाला दुसऱ्या कॉम्प्युटरचे वेगळे पैसे मागत होता. मग मी लॅमिंग्टन रोडवरून दोन रिअलटेक नेटवर्क कार्डं आणली, एका भंगारात निघालेल्या पेंटियममध्ये बसवली आणि मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून त्यावर लिनक्स चढवलं. "रात्रभर काय घुमतं रे हे खोकं?" आजी विचारायची.

एक कार्ड बाहेरच्या वायरीला, दुसरं घरातल्या हबला. घरातले पत्ते १९२.१६८ने सुरू होणारे. फेब्रुवारी १९९६च्या आरएफसी १९१८ने, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या एका दस्तऐवजाने, हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले. बाहेर त्यांना वाट नाही. मग उत्तर घरी यावं कसं? त्यासाठी लिनक्समध्ये 'मास्करेडिंग' होतं, म्हणजे बहुरूप्याचं काम. खोकं बाहेर जाणाऱ्या माहितीच्या पाकिटावरचा घरचा पत्ता पुसून स्वतःचा टाकायचं, ६१००० ते ६५०९५ यांतला एक पोर्ट त्याला द्यायचं आणि कुणाचं पाकीट ते टिपून ठेवायचं. उत्तर आलं की टिपण बघून आत पोचवायचं. मे १९९४च्या आरएफसी १६३१मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी हा पत्ताबदल मांडला, तेव्हा त्याला त्यांनी स्वतःच अल्पकाळाचा उपाय म्हटलं होतं. भाड्याची खोली अशीच 'तात्पुरती' घेतात.

रूटिंगचा तक्ता जेमतेम तीन ओळींचा: घरातलं जाळं या कार्डावर, बाहेरचं त्या कार्डावर, आणि उरलेलं सगळं केबलवाल्याच्या गेटवेकडे. मी शहाणपणा करून आतल्या कार्डालाही गेटवे दिला. झालं! बाहेरची पाकिटं घरातच भरकटू लागली. तो दोष सापडायला दोन रात्री गेल्या.

तरी दादाचं नेट चालेना. खोक्यावरून सगळं दिसायचं, दादाच्या कॉम्प्युटरवरून काहीच नाही. शेवटी कळलं की लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, 'आयपी फॉरवर्ड' नावाची एक फाइल असते आणि तिच्यात शून्य असतं. एका कार्डावर आलेलं पाकीट दुसऱ्यावरून पुढे ढकलायची परवानगी त्या शून्याच्या जागी एक लिहिल्यावरच मिळते. तेव्हा मी चिडलो होतो. पण कारण जुनं आहे: ऑक्टोबर १९८९च्या आरएफसी ११२२ने बजावलं होतं की साध्या यंत्राने आपणहून गेटवे होऊ नये, मालकाने सांगितलं तरच व्हावं. मला तो नियम आजही पटतो.

मी एक लिहिला, नेट धावलं. आठवड्याने लाइट गेली, परत आली, आणि फाइलीत पुन्हा शून्य! हा आकडा बूट होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत टाकावा लागतो, हे तेव्हा शिकलो.

मास्करेडिंगची हत्यारं मात्र बदलत राहिली. माझ्या सीडीवर रस्टी रसेलचं आयपीचेन्स होतं. मी ते पाठ करेपर्यंत कर्नेल २.४ आयपीटेबल्स घेऊन आलंही होतं, आणि २०१४मध्ये एनएफटेबल्स आलं. २००३मध्ये मॅन्युएल कॅस्परच्या मोनोवॉल या फायरवॉलने असलं काम ब्राउझरमधल्या पानावर आणलं. त्याचीच फांदी पीएफसेन्स आज दादाच्या घरी हाताच्या पंजाएवढ्या डब्यात चालते.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला, "नेट बंद पडलंय."

मी विचारलं, "लाइट गेली होती का?"