एका बायकोची अट

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या अध्यक्षाच्या अंगी काय काय असावं याची यादी आहे. तो दारूच्या नादी लागलेला नसावा, भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा, आल्यागेल्याचं करणारा असावा, शिकवण्यात तयार असावा. आणि एकाच बायकोचा नवरा असावा. तीताच्या पत्रात वडिलांसाठी हीच अट पुन्हा येते. बाकीच्या अटींबाबत मंडळ्या तशा समजूतदार असतात. लोभापायी कुणाला पुलपिटावरून उतरवल्याचं क्वचितच कानावर येतं. बायकोच्या अटीपाशी मात्र घोडं अडतं. घटस्फोट झालेल्याने उपदेश करावा का, संडे स्कूल घ्यावं का, पंचमंडळीत बसावं का, हा वाद निघाला की कोल्हापुरात काय आणि अमेरिकेत काय, बोट याच ओळीवर ठेवलं जातं.

ओळीत घटस्फोटाचं नावही नाही. तो तिला चिकटला कसा, याची ही कुळकथा.

पहिल्या काही शतकांत या अटीचा रोख दुसऱ्या लग्नावर होता, मग पहिली बायको देवाघरी गेलेली का असेना. रोमन लोक एकाच नवऱ्याच्या होऊन राहिलेल्या बाईचं कौतुक तिच्या थडग्यावर कोरून ठेवत. त्याच हवेत ही पत्रं वाचली गेली. कार्थेजच्या तर्तुल्यनने विधुराच्या दुसऱ्या लग्नावरही कोरडे ओढले. चौथ्या शतकात प्रेषितांच्या नावावर जी नियमावली तयार झाली, तिच्यात बाप्तिस्म्यानंतर दोनदा लग्न केलेल्याला धर्मगुरुपद नाकारलं आहे. पुढचा नियम तर आणखी कडक आहे. विधवेशी, टाकलेल्या बाईशी, मोलकरणीशी किंवा नटीशी लग्न करणाराही त्या पदाला मुकला. म्हणजे घटस्फोट यात आला तो बायकोच्या बाजूने, आणि नटी-मोलकरणींच्या रांगेत. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत धर्मगुरूची बायको वारली तर त्याने दुसरं लग्न करायचं नाही, हा दंडक सर्वसाधारणपणे आजही आहे. या मापाने आपल्याकडचे ते विधुर पाळक, ज्यांना मंडळीतल्या बायकांनीच स्थळं सुचवली, सगळे अपात्र ठरते. त्यांच्याबद्दल कुणी ती ओळ काढत नाही, आणि काढू नये हेच बरं.

हिंदुस्थानात या अटीला वेगळंच काम लागलं. बाप्तिस्मा मागायला आलेल्या माणसाच्या घरी दोन बायका असल्या तर करायचं काय? एकीला घराबाहेर काढ म्हणणं म्हणजे तिला रस्त्यावर आणणं. १८३४ साली कलकत्त्यात निरनिराळ्या मिशनांच्या लोकांनी एकत्र बसून तोडगा काढला. अशा माणसाला बाप्तिस्मा द्यावा, आधीच्या सगळ्या बायका त्याने सांभाळाव्यात, पण मंडळीत त्याला कोणतंही पद मिळू नये. आधार अर्थात तीमथ्याच्या पत्राचा. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. बाईचा संसार मोडला नाही आणि नियमही राहिला. त्या बैठकीपुरता त्या ओळीचा अर्थ उघड होता: एका वेळी एकच बायको.

कोल्हापुरात मिशनचं काम सुरू केलं रॉयल गूल्ड वायल्डर यांनी, १८५२ साली. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथेच जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचा एक प्रणेता झाला. १८७० मध्ये हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च त्याच घराण्याचं नाव सांगतं. आता प्रेस्बिटेरियन माणूस घटस्फोटाचं नाव काढताच कानांवर हात ठेवणारा असेल असं वाटतं, पण त्यांच्या वेस्टमिन्स्टरच्या कबुलीजबाबात, म्हणजे १६४७ पासून, दोन कारणांनी लग्न मोडायची मुभा आहे. एक व्यभिचार, दुसरं कायमचं टाकून जाणं. पहिल्या कारणाने काडीमोड घेतलेल्या निर्दोष जोडीदाराने, दुसरा मेला असं समजून, पुन्हा लग्न करायला हरकत नाही असंही त्यात आहे. तेव्हा कडकपणा फक्त मिशनच्या पेटाऱ्यातून आला, असं म्हणता येत नाही.

उलट मराठी मुलखातल्या पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती घरांत मोडलेले संसार ही नेहमीची गोष्ट होती. नवरा बाटला म्हणून बायको माहेरी निघून जाई, किंवा माहेरचेच येऊन तिला घेऊन जात. अशांसाठी सरकारने १८६६ चा एकविसावा कायदा केला. पौलाने करिंथकरांना लिहिलं होतं की विश्वास न ठेवणारा जोडीदार निघून गेला तर त्याला जाऊ द्यावं. हा कायदा म्हणजे त्या सल्ल्याचं कोर्टाच्या भाषेतलं रूप. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. धर्मांतरामुळे जोडीदार सलग सहा महिने नांदत नसेल तर अर्ज करता येई. न्यायाधीश बायकोला बोलावून स्वतः विचारी, तू याच्याकडे का जात नाहीस? हा ख्रिस्ती झाला म्हणून का? ती हो म्हणाली तरी लगेच निकाल नाही. खटला एक वर्ष लांबणीवर. मधल्या काळात न्यायाधीश ठरवील त्या जागी, त्याने निवडलेल्या माणसांदेखत (ती बायकाही असू शकत) नवरा-बायकोची भेट घडवायची, ती आपल्या मनाने नाही म्हणते आहे की कुणी म्हणायला लावतं आहे हे कळावं म्हणून. वर्ष सरलं की पुन्हा तोच प्रश्न. तेव्हाही नकार आला तरच लग्न मोडलं असं जाहीर व्हायचं. त्यानंतर दोघांनाही लग्नाची मोकळीक होती. आजच्या कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकांनी हा कायदा एकदा वाचावा.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. सहा महिने झाल्यावर टिळकांना ही वाट उघडी होती. त्यांनी ती धरली नाही. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. घर मोडल्यासारखं होतं त्या वर्षांत टिळक अहमदनगरला शिकवतच होते, आणि ज्याचं घर धड नाही त्याने इतरांना काय शिकवावं, असं म्हणून मिशनने त्यांना बसवून ठेवलं नाही.

बहुजन समाजातून ख्रिस्ती झालेल्यांकडे तर काडीमोड आणि पाट या जुन्या रूढी होत्या. आर्थर स्टील याने १८२७ साली दख्खनच्या जातींचे कायदे-रिवाज जमवले, त्यात पाट आणि सोडचिठ्ठी यांची नोंद आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ च्या सुमारास आंतरजातीय विवाह, बायकांचा छळ आणि काडीमोड यांविषयी कायदे केले. त्या काळी पंढरपूरच्या ब्राह्मणाला मोडता न येणारं लग्न कोल्हापूरच्या रयतेला मोडता येत होतं.

मग ख्रिस्ती माणसाच्या घटस्फोटाला डाग कुठून लागला? माझ्या मते पत्रातून नव्हे, १८६९ च्या घटस्फोट कायद्यातून. तो इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावर बेतला होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर छळ किंवा दोन वर्षं टाकून देणं, असं काहीतरी जोडून सिद्ध करावं लागे. नवऱ्याने अर्ज केला तर बायकोच्या प्रियकरालाही प्रतिवादी करायचं. जिल्हा न्यायाधीशाने दिलेला हुकूमनामा उच्च न्यायालयातल्या तीन न्यायाधीशांनी कायम केल्याशिवाय पुरा होत नसे. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबईत विलीन झाल्यावर कोल्हापूरच्या माणसाच्या घरची भांडणं अशी मुंबईच्या फोर्टापर्यंत गेली. (ऑगस्ट २०२५ मध्ये इथे सर्किट बेंच आलं, तेव्हा तो नियमच शिल्लक नव्हता.) इंग्लंडने बायकांवरचा हा जादा बोजा १९२३ मध्ये काढला. आपल्या कायद्यात तो २००१ पर्यंत राहिला.

याचा परिणाम साधा होता. ख्रिस्ती घटस्फोट म्हणजे कुणाच्या तरी व्यभिचारावर कोर्टाचा शिक्का. नुसती मारहाण सोसलेल्या, नुसत्या टाकलेल्या बाईला घटस्फोट मिळतच नसे, फार तर न्यायालयीन फारकत. कोर्टात जिंकलेली बाईसुद्धा मंडळीत परतताना त्या शब्दाची सावली घेऊनच परतायची. पंचमंडळीला चौकशीची गरजच उरली नाही. घटस्फोटित म्हटलं की काय समजायचं ते ठरून गेलं होतं. मग तीमथ्याची ओळ आयती हाताशी होती.

आणि ती ओळ बायकांना लावली गेली, हे तर नवलच. ओळ नवऱ्याबद्दल बोलते. मराठी मंडळ्यांत प्रत्यक्षात घराघरांत जाऊन शास्त्र शिकवलं ते बायबलबायांनी. त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या. स्वयंपाकघरापर्यंत पोचणं पाळकसाहेबांना जमलं नसतं, ते त्यांनी केलं. केडगावला विधवा असलेल्या पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं ते अशाच बायकांसाठी, आणि त्यांच्यातूनच शिकवणाऱ्या तयार केल्या.

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने प्रगती वर्गीस यांच्या खटल्यात बायकांवरची ती जोड-अट घटनाबाह्य ठरवली. २००१ च्या दुरुस्तीने छळ आणि टाकून जाणं ही दोघांसाठी स्वतंत्र कारणं झाली, परस्पर संमतीची वाट उघडली, उच्च न्यायालयाच्या शिक्क्याची गरज संपली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की चर्चच्या न्यायमंडळाने लग्न रद्द केलं तरी कायद्याने ते मोडत नाही. संमतीच्या हुकूमनाम्यात आता दोष कुणाचा याचं एक अक्षर नसतं. पंचमंडळीला जे कोर्ट इतकी वर्षं आयतं सांगत होतं, ते सांगायचं थांबलं आहे. कोण सोडून गेलं, कुणी मार खाल्ला, कुणी पोरं वाढवली, हे विचारायचं तर आता पंचांनीच विचारायला हवं, आणि दोघांनाही विचारायला हवं.

ते अवघड जातं, म्हणून बऱ्याच ठिकाणी तडजोड होते. घटस्फोटित बाईंनी रविवारी सकाळी मुलांना शिकवलेलं चालतं, मोठ्यांपुढे पुलपिटावर उभं राहिलेलं चालत नाही. पत्रातली यादी लहानांना शिकवणं आणि मोठ्यांना शिकवणं असा भेद करत नाही. ही तडजोड शास्त्रातून आलेली नाही. संडे स्कूलला माणसं मिळत नाहीत, त्यातून आलेली आहे.