झेन, जिऊ आणि हरवलेला धूर

चिनी भाषेत या उपचाराचं नाव दोन अक्षरांचं आहे : झेन-जिऊ. झेन म्हणजे सुई. जिऊ म्हणजे वाळवलेल्या पाल्याचा बोळा पेटवून त्वचेवर किंवा त्वचेजवळ धरून दिलेला शेक, प्रसंगी चटकाही. हा पाला आपल्या दवण्याच्याच कुळातल्या एका झुडपाचा. दोन्ही क्रिया एकाच वैद्याच्या हातातल्या, एकाच ग्रंथात सांगितलेल्या, शरीरावरच्या बहुतेक त्याच त्या जागांसाठी. युरोपात मात्र हा जोडशब्द पोहोचला तो अर्धा. सुई राहिली, धूर वाटेत हरवला. आज आपण मराठीत ‘ॲक्युपंक्चर’ म्हणतो तेव्हा चिनी शब्द उच्चारत नसतो. एका डच डॉक्टरने लॅटिन धातूंतून घडवलेला आणि इंग्रजीच्या बोटाला धरून आपल्याकडे आलेला शब्द उच्चारत असतो.

हा डॉक्टर विलेम टेन ऱ्हायने. डच ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. १६७४ ते १६७६ या काळात तो नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा या बेटावर होता. म्हणजे त्याने सुईचा उपचार पाहिला तो चीनमध्ये नव्हे, जपानमध्ये. मूळ ग्रंथ चिनी, समजावून सांगणारे जपानी, ऐकणारा डच आणि लिहिण्याची भाषा लॅटिन, अशी ही चार घरं फिरलेली विद्या. त्याचं पुस्तक १६८३मध्ये लंडनला छापलं गेलं. मुख्य विषय सांधेदुखी. ‘अक्युपंक्चुरा’ हे त्याला जोडलेलं प्रकरण. चिनी आकृत्यांमधल्या शरीरभर फिरणाऱ्या रेषा त्याला रक्तवाहिन्या वाटल्या, आणि चिन्यांना त्या नीट काढता येत नाहीत असाही ग्रह झाला. शेकाचा उपचार दुसऱ्याच नावाने प्रसिद्धीला आला. बटाव्हियातला हेर्मान बुशोफ नावाचा डच धर्मोपदेशक वातरक्ताने हैराण होता. त्याला या शेकाने आराम पडला आणि १६७०च्या दशकात त्याने त्यावर पुस्तकच लिहिलं. जपानी ‘मोगुसा’चं ‘मोक्सा’ झालं. अशा रीतीने एका उपचाराची दोन नावं झाली, आणि पुढच्या शतकांत त्यातल्या एकाचंच नशीब उघडलं.

अनुवादाचं काम करणाऱ्याला ही गोष्ट ओळखीची वाटते. जोडशब्दातला जो भाग वाचकाला चमत्कारिक वाटतो तो टिकतो आणि जो घरगुती वाटतो तो गळतो. शेक तर युरोपातल्या आजीबाईही देत. सुई नवी होती.

जाहिरातींत ‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ असं वाक्य हमखास असतं. यातले दोन्ही शब्द, पाच हजार आणि अखंड, तपासून पाहण्यासारखे आहेत. हूनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगदुई इथे १९७३मध्ये एक थडगं उघडण्यात आलं. ते इसवीसनपूर्व १६८मध्ये बंद झालेलं. आत रेशमावर लिहिलेले वैद्यकीय मजकूर निघाले. त्यांत शरीरातल्या अकरा ‘माई’, म्हणजे प्रवाहमार्ग, वर्णिलेले आहेत. पण त्यांच्यावर उपचार सांगितलाय तो शेकाचा. सुईचा नाही. पुढे ‘हुआंगदी नेइजिंग’ या संकलनात, ज्याचं मुख्य अंग इसवीसनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या सुमारास जुळलं असं मानतात, माई बारा होतात, एकमेकांना जोडल्या जातात आणि सुई पुढे येते. पीत सम्राट प्रश्न विचारतो, त्याचा मंत्री-वैद्य छी बो उत्तर देतो, अशी या ग्रंथाची मांडणी. आत्रेय आणि अग्निवेशाच्या संवादाची सवय असलेल्या आपल्या वाचकाला त्यात परकं वाटण्यासारखं काही नाही. त्याच्या ‘लिंगशू’ या भागाच्या सुरुवातीलाच नऊ सुयांचं वर्णन येतं, आणि त्यातल्या काही आपल्या कल्पनेतल्या सुयाच नव्हेत. एक पू काढण्याचं पात्यासारखं शस्त्र आहे, एक रक्त वाहतं करण्यासाठी आहे. केसासारखी बारीक, टोचलेली कळू नये अशी सुई त्या नवांतली केवळ एक. हबेई प्रांतात मानचंग इथे राजपुत्र लिऊ शंग याच्या थडग्यात (मृत्यू इसवीसनपूर्व ११३) सोन्याच्या आणि चांदीच्या सुया सापडल्या, तेव्हा श्रीमंतांच्या घरी ही साधनं होती एवढं म्हणता येतं. म्हणजे हातात पुरावा आहे तो साधारण दोन हजार वर्षांचा. तोही काही थोडा नाही. त्यावर तीन हजारांचा मुलामा कशाला चढवायचा?

आता शब्दांकडे वळतो, कारण माझ्या मते या उपचाराचा खरा इतिहास तिथे अडकलेला आहे.

इंग्रजीत ज्याला ‘मेरिडियन’ म्हणतात, ते चिनीत ‘जिंग-माई’. माई म्हणजे वाहिनी, नाडी. ज्यातून काही वाहतं आणि जे बोटाखाली उडतं. आपला ‘नाडी’ हा शब्द हे दोन्ही अर्थ आयते पोटात घेऊन बसला आहे. ‘जिंग’ त्याहून गमतीचा. मुळात तो मागावरचा उभा धागा, ताणा. ज्याच्या आधाराने बाकीचं वस्त्र विणलं जातं तो धागा, म्हणून पुढे आधारभूत ग्रंथालाही जिंग म्हणू लागले. ‘नेइजिंग’मधला जिंग तोच. आणि बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा तिथल्या अनुवादकांनी ‘सूत्र’ या शब्दासाठी हाच शब्द निवडला. सूत्र म्हणजेही धागा! दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या अनुवादकांना मनोमन नमस्कार करावासा वाटतो, तो अशा जागी. युरोपीय ‘मेरिडियन’ म्हणजे मात्र पृथ्वीगोलावरची रेखावृत्ताची रेष. धागाही गेला, पाणीही गेलं. उरली नकाशावरची कोरडी ओळ, जी प्रत्यक्षात कुठेच नसते.

तीच गत ‘बिंदू’ची. चिनी शब्द ‘श्वे’, अर्थ गुहा, पोकळी, खळगा. प्रत्येक खळग्याला नाव. तळपायाला ‘उसळता झरा’. कोपराला ‘वाकडं तळं’. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात ‘मिळती दरी’. डोक्याच्या माथ्यावर ‘शंभरांची भेट’. शरीर म्हणजे डोंगर-पाण्याचा मुलूख, आणि वैद्य तिथला पाटकरी, कुठलं पाणी अडलंय ते पाहून बांध मोकळा करणारा. जागतिक आरोग्य संघटनेने अभिजात ३६१ जागांना आंतरराष्ट्रीय क्रमांक दिले. ‘मिळती दरी’ आता ‘एलआय ४’ आहे. परीक्षेला ते सोयीचं, यात शंका नाही.

आणि मग तो शब्द, ज्याच्यापुढे सगळेच अनुवादक घाम पुसतात. तो मराठीत नीट लिहिताही येत नाही. उच्चाराला धरून लिहावा तर ‘छी’, जे ऐकून वाचक नाक मुरडणार. म्हणून ‘ची’ लिहावा तर तो षष्ठीचा प्रत्यय. वाफ, श्वास, ढगातला ओलावा, अन्नाचा वास, माणसातला जीव, अशा अनेक छटा त्यात आहेत. विसाव्या शतकात फ्रेंच मुत्सद्दी आणि चिनी साहित्याचा अनुवादक जॉर्ज सुलिए द मोराँ याने ‘एनर्जी’ हा प्रतिशब्द रुळवला. ‘मेरिडियन’ रुळला तोही बराचसा त्याच्यामुळेच. शब्द तरतरीत होता. वीज आणि रेडिओच्या जमान्याला पटला. पण ‘सूवेन’ आणि ‘लिंगशू’ इंग्रजीत आणणारे जर्मन इतिहासकार पॉल उनशुल्ड हट्टाने सांगत आले की प्राचीन मजकुरात ‘ऊर्जा’ ही कल्पनाच नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं. आपल्याकडे ‘प्राण’ म्हणून मोकळं होण्याचा मोह असतो. तो मी टाळतो. प्राण म्हटलं की योग येतो, सुषुम्ना येते, आणि चिनी माणसाच्या शरीरात आपणच जाऊन बसतो. ‘वाफ’ हा साधा शब्द बऱ्याच ठिकाणी जास्त प्रामाणिक ठरतो.

परंपरेच्या अखंडपणाबद्दल आता थोडं. सुंग राजवटीत तिचा थाट होता. वांग वेइयी या राजवैद्याने १०२७च्या सुमारास माणसाएवढे दोन ब्राँझचे पुतळे तयार करवले. त्यांच्यावर टोचण्याच्या जागांची छिद्रं होती. परीक्षेच्या वेळी वरून मेण थापायचं, आत द्रव भरायचा. विद्यार्थ्याची सुई बरोबर जागी गेली की धार लागायची. इतका सोपा निकाल कुठल्या परीक्षेत लागत असेल! पण १७५७मध्ये शू दाचुन हा नामांकित वैद्य लिहितो की सुईची विद्या जवळजवळ लुप्त झाली आहे, जाणकार उरले नाहीत. १८२२मध्ये तर दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यकसंस्थेतून तो विभागच बंद केला. सम्राटाच्या देहाला टोचणं आणि भाजणं योग्य नव्हे, हे कारण. खेड्यापाड्यांत ती चालू राहिली, पण विद्वानांच्या नजरेत ती हलकी झाली.

त्या काळात तिला जपानने जपलं. सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने सुई आत घालण्यासाठी छोटी नळी वापरात आणली आणि अंधांसाठी शाळा काढल्या. दिसत नसलेल्या माणसाच्या बोटांना ही विद्या साधते, हे त्याने पाहिलं. जपानात तो अंधांचा पेशाच झाला. आणि शेक? तो तर घरोघरी. १६८९मध्ये कवी बाशो उत्तरेच्या लांबच्या पायपिटीला निघाला, तेव्हाच्या त्याच्या तयारीत फाटके कपडे शिवणं आणि गुडघ्याखालच्या ‘तीन ली’ या जागी मोक्सा जाळणं, दोन्ही होतं.

चीनमध्ये १९२९ साली चिनी वैद्यकच बंद करावं असा ठराव सरकारी आरोग्य समितीपुढे आला. शांघायमध्ये वैद्य एकवटले, ठराव बारगळला. पण धक्का बसला तो बसलाच. चंग दानआन या वैद्याने १९३१च्या आपल्या ग्रंथात जुन्या जागा आधुनिक शरीररचनेच्या आकृत्यांवर नव्याने मांडल्या, त्या रक्तवाहिन्यांपासून दूर सरकवल्या आणि बारीक सुईला प्राधान्य दिलं. आज जगभर दिसतं ते ॲक्युपंक्चर पीत सम्राटापेक्षा या माणसाचं अधिक आहे. पुढे झू ल्यान या पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या कम्युनिस्ट डॉक्टरबाईंनी १९५१मध्ये ‘नवं झेन-जिऊ’ सांगणारं पुस्तक लिहिलं. त्याची मुळं येनानमधली. औषधांचा तुटवडा होता, आणि १९४४च्या सुमारास तिथे जुन्या-नव्या वैद्यांनी एकत्र काम करावं असा आग्रह सुरू झाला होता.

येनान म्हटलं की मराठी माणसाला सोलापूर आठवतं. १९३८च्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या पाच जणांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. ‘कोटणीसांनी ॲक्युपंक्चर भारतात आणलं’ असं अधूनमधून वाचायला मिळतं. ते खरं असू शकत नाही. कोटणीस शल्यचिकित्सक होते. ९ डिसेंबर १९४२ला, बत्तीस वर्षांचे असताना ते चीनमध्येच वारले, आणि सुईचं वारं येनानमध्ये वाहू लागलं ते नंतर. ती आणली त्यांच्या सोबत्याने, कोलकात्याच्या बिजॉयकुमार बसूंनी. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तिथे ती शिकले आणि परत येऊन कोलकात्यात उपचार सुरू केले. त्याआधी ते कोटणीसांबरोबर युद्धभूमीवर राबलेले. सुईच्या प्रसाराचं काम कोटणीसांच्या नावाने उभं राहिलं. चित्रपटाने एकाला अमर केलं, दुसऱ्याचं नाव बंगालबाहेर फारसं गेलं नाही. पश्चिम बंगालने १९९६मध्ये या उपचारासाठी देशात आधी स्वतंत्र कायदा केला, त्यामागे हा वारसा आहे. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतरचा.

अमेरिकेत तर एका गैरसमजाने दार उघडलं. जुलै १९७१मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन यांचं पेकिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. त्यांनी स्वतः स्वच्छ लिहिलं की भूल नेहमीच्या औषधाची होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोटात वायू धरल्यावर, कोपराला आणि गुडघ्याखाली. शिवाय पोटाजवळ पाल्याची जळती कांडी धरली होती. पण लोकांच्या तोंडी गोष्ट फिरली ती अशी, की सुया टोचून अपेंडिक्स काढलं. पेटलेल्या कांडीचा उल्लेख इथेही गळाला.

‘हे सगळं सुश्रुतात होतंच’, असं म्हणणारे भेटतात. सुश्रुताची १०७ मर्मं आहेत ती इजा होऊ नये म्हणून जपायची ठिकाणं. शस्त्र चालवताना ती चुकवायची असतात. चिनी श्वे मुद्दाम सुई घालण्यासाठी आहेत. दोन देशांनी शरीराकडे बारकाईने पाहिलं आणि वेगळ्या गोष्टी पाहिल्या, एवढं मान्य करायला काय हरकत आहे?

उपचार लागू पडतो का, हा प्रश्न इतिहासाचा नाही, पण वाचक विचारणारच. जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शास्त्रोक्त जागी टोचलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना, मुद्दाम भलत्या जागी वरवर टोचलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना आराम पडला. दोन्ही बाजूंचे लोक हे आकडे आपापल्या सोयीने सांगतात. मला त्यात त्या ब्राँझच्या पुतळ्यांची आठवण होते, नेमक्या छिद्रांवर मेण थापून बसलेल्या.

२०१०मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत हा उपचार नोंदवला. चीनने पाठवलेल्या नावात सुई आणि शेक दोन्ही आहेत. मराठी वृत्तपत्रांसाठी त्याची बातमी करायची झाली तर शेकासाठी कुठला शब्द घ्यायचा? ‘डाग देणं’ म्हटलं तर तापलेली सळई डोळ्यांपुढे येते, ‘धुरी’ म्हटलं तर बाळंतिणीची खोली. मी ‘दवणशेक’ असा शब्द करून पाहिला आहे. वनस्पतिशास्त्राच्या माणसांना तो चालेल, वैद्यांना विचारायचं आहे.