विद्युत अवजाराच्या वायरची दुरुस्ती

विद्युत अवजाराच्या वायरची दुरुस्ती म्हणजे ड्रिल मशीन, ग्राइंडर, विद्युत करवत यांसारख्या हाती धरून चालवायच्या अवजारांना वीज पुरवणारी लवचीक वायर खराब झाल्यास तिचा खराब भाग कापून टाकणे किंवा संपूर्ण वायर बदलणे. तुटलेल्या तारा पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळणे ही पद्धत रूढ असली, तरी ती सुरक्षित दुरुस्ती नाही. असा सांधा ओढ सहन करत नाही, तापतो आणि ओलाव्यात चिकटपट्टी सुटू लागते.

बिघाडाची कारणे

वायर बहुधा दोन ठिकाणी खराब होते : अवजारात शिरते तिथे आणि प्लगपाशी. वारंवार वाकल्याने आतील तांब्याचे बारीक धागे एकेक करून तुटतात. बाहेरील आवरण मात्र अखंड दिसते. वायर हलवताच अवजार मध्येच बंद-चालू होणे, हे त्याचे लक्षण होय. याशिवाय धारदार पाते लागणे, वायर धरून अवजार उचलणे, उष्णता आणि उंदरांनी कुरतडणे यांमुळेही आवरण फाटते.

धोक्याचे स्वरूप

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतो. शरीरातून काही दशक मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी तो प्राणघातक ठरू शकतो. एवढ्याशा प्रवाहाने घरातील एमसीबी पडत नाही, कारण ती अतिभार व शॉर्टसर्किट यांपासून वायरिंगचे रक्षण करण्यासाठी असते. माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअर क्षमतेची आरसीसीबी बसवतात. भारतीय प्लगमध्ये ब्रिटिश प्लगप्रमाणे फ्यूज नसतो.

अवजारांचे प्रकार

धातूचे आवरण असलेल्या पहिल्या वर्गातील अवजारांना तीन तारांची वायर लागते. तिसरी तार आर्थिंगची असते. दुसऱ्या वर्गातील अवजारांना दुहेरी विद्युतरोधन असते. त्यांवर चौकोनात चौकोन अशी खूण असते आणि त्यांना दोन तारांची वायर पुरते. पहिल्या वर्गातील अवजाराला दोन तारांची वायर जोडली, तरी ते नेहमीसारखे चालते. त्यामुळे चूक लक्षात येत नाही आणि आत बिघाड झाल्यावर संपूर्ण आवरणात वीज उतरते.

कार्यपद्धती

काम सुरू करण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून बाहेर काढणे आवश्यक असते. केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते. बिघाड टोकाजवळ असल्यास खराब भाग कापून वायर आखूड करतात. तो मध्यभागी असल्यास संपूर्ण वायर बदलतात. कापलेला साच्यातील प्लग निकामी करून टाकतात, म्हणजे उघड्या तारांसह तो कोणी सॉकेटमध्ये घालणार नाही.

नवी वायर जुन्याच जाडीची किंवा अधिक जाडीची घेतात. साधारणपणे ६ अँपिअरपर्यंत ०.७५ चौरस मिमी आणि १० अँपिअरपर्यंत १ चौरस मिमी छेदाची वायर वापरली जाते. पीव्हीसी वायरसाठी आयएस ६९४ आणि प्लग-सॉकेटसाठी आयएस १२९३ ही भारतीय मानके आहेत. लवचीक वायरमध्ये तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी आर्थिंगची असते. जुन्या वायरमध्ये अनुक्रमे लाल, काळा आणि हिरवा हे रंग आढळतात.

उघडण्यापूर्वी मूळ जोडणीचे छायाचित्र घेणे उपयुक्त ठरते. वायर अवजारात शिरते तिथली रबरी नळी आणि आतील पकड पुन्हा बसवावी लागते. पकड बाहेरील आवरणावर घट्ट असावी, म्हणजे ओढ स्क्रूवर येत नाही. आर्थिंगची तार इतरांपेक्षा थोडी लांब ठेवतात, म्हणजे वायर निसटल्यास ती सर्वांत शेवटी सुटते. स्क्रूखाली जाणाऱ्या धाग्यांना झाळकाम करत नाहीत, कारण दाबाने झाळ हळूहळू पसरून जोड सैल होतो.

तपासणी

अवजार जोडण्यापूर्वी मल्टीमीटरने प्लगची आर्थिंगची पिन आणि अवजाराचा धातूचा भाग यांमधील रोध पाहतात; तो शून्याच्या जवळ असावा. फेज व आर्थिंग यांच्यात संपर्क नसावा. कार्यशाळेत यासाठी ५०० व्होल्टचे मेगर वापरतात. निऑन टेस्टरने आर्थिंगची खात्री होत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

ठाणे जिल्ह्यातील जांभूळ, बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर या परिसराला महावितरण वीज पुरवते. राज्य विद्युत मंडळाच्या विभाजनानंतर २००५ मध्ये ही कंपनी अस्तित्वात आली. येथील पावसाळ्यात भिंती आणि जमीन ओली राहते. ओल्या त्वचेचा रोध घटल्याने फाटक्या वायरचा धोका वाढतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक नियमांनुसार विद्युत संचमांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्यावे लागे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच व घरगुती उपकरणे बदलण्यासारख्या, संचमांडणीची क्षमता वा स्वरूप न बदलणाऱ्या कामांना त्यातून सूट होती. २०२३ मध्ये नवे नियम लागू झाले. घरातील सॉकेटलाच आर्थिंग नसल्यास वायर कितीही चांगली असली तरी आर्थिंगचे संरक्षण मिळत नाही. अशा वेळी परवानाधारक तारतंत्र्याकडून घराची वायरिंग तपासून घ्यावी लागते.